जिनसेंगने शुगर उतरते, पण कुठल्या जिनसेंगने?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिनसेंग या औषधी मुळीने शुगर उतरते, असं सांगणारा तुमच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, पण गोष्ट अर्धीच सांगितलीय आणि शुगरवाल्या माणसाला अर्धी माहिती फार महागात पडते, म्हणून लिहितेय.

जिनसेंगमध्ये काहीच नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्याच्या मुळात जिन्सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात, आरबी१, आरजी१, आरई अशी बरीच, आणि पेशींवर, उंदरांवर बघितलं तर ती स्नायूंना रक्तातली साखर ओढून घ्यायला मदत करतात, इन्सुलिन सुटायलाही हातभार लावतात. माणसांवरही काम झालंय. २००० साली टोरांटोच्या संशोधकांनी अमेरिकन जिनसेंगची ३ ग्रॅम पावडर देऊन २५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिलं, तर टाइप २ वाल्यांची नंतर चढणारी साखर साधारण २० टक्क्यांनी कमी भरली. डायबिटीस नसलेल्यांमध्ये मात्र पावडर ४० मिनिटं आधी घेतली तरच फरक दिसला, ग्लुकोजसोबत घेतली तर नाही. लेखात एवढंच आलंय, पण त्या प्रयोगात सगळे मिळून २० सुद्धा लोक नव्हते हे राहून गेलं.

आणि पुढे काय झालं ते तर आलंच नाही. त्याच टोरांटोच्या मंडळींनी नंतर अमेरिकन जिनसेंगचाच दुसरा लॉट वापरला, त्यात जिन्सेनोसाइड कमी होते आणि साखरेवर काहीच परिणाम झाला नाही! म्हणजे झाड तेच, पण लॉट बदलला की रिझल्ट बदलला. मग २०११ साली अमेरिकेत वजन जास्त असलेल्या, शुगर नुकतीच वाढायला लागलेल्या लोकांना महिनाभर जिनसेंगचा अर्क आणि काहींना नुसतं आरई देऊन पाहिलं, तर इन्सुलिनचं काम काही सुधारलं नाही आणि रक्त तपासलं तर त्यात आरई सापडलंच नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. उंदरांवरच्या प्रयोगात बऱ्याचदा अर्क इंजेक्शनने देतात, आपण कॅप्सूल गिळतो, आणि गिळलेलं द्रव्य आतड्यातले जंतू आधी मोडतात, मग त्यातलं थोडंफार रक्तात जातं, तेही प्रत्येकाच्या पोटात वेगवेगळं. त्यामुळे उंदराची शुगर उतरली म्हणून आपली उतरेल असं धरून चालता येत नाही.

माझ्या नात्यातल्या एका बाईंनी डॉक्टरांना न सांगता ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीच्या जोडीला जिनसेंग सुरू केलं होतं. एका दुपारी दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं तुटतंय, मीटरवर बघितलं तर साखर बरीच खाली. साखर-पाणी दिलं, सावरल्या. कॅप्सूलमुळे झालं की जेवायला उशीर झाला म्हणून, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना, कारण डबीवर नुसतं ‘जिनसेंग ५०० मिग्रॅ’ लिहिलेलं, जात कुठली, जिन्सेनोसाइड किती टक्के, काही म्हणजे काही नाही. सायबेरियन जिनसेंग म्हणून जे विकतात त्यात तर जिन्सेनोसाइड नसतातच, ते झाडच वेगळं आहे.

अजून एक, रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये, अमेरिकन जिनसेंगने त्या गोळीचा असर कमी होतो हे माणसांवर तपासलेलं आहे. शुगरवाल्यांमध्ये हार्टचे पेशंट किती असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापताना प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, किती लोकांवर, किती दिवस आणि कुठल्या जातीचं जिनसेंग, हे चार शब्द नक्की घाला, आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका ही ओळ शेवटी बारीक अक्षरात नको, वर ठळक अक्षरात छापा.

आपली,
एक नियमित वाचक