न सरकलेलं प्लास्मिड

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी कुठलं नवं औषध शोधत नाहीये. जिवाणू एकमेकांना औषधांविरुद्धचा प्रतिकार कसा देतात एवढंच बघतेय. याचा कुणाला काय उपयोग?" त्यावर मला घाईत बोलायचं नव्हतं, म्हणून लिहितोय.

नवं औषध आलं आणि प्रश्न मिटला, असं या विषयात कधी झालेलंच नाही. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच, १९४० मध्ये, एब्रहॅम आणि चेन या शास्त्रज्ञांना ते निकामी करणारं विकर (एन्झाइम) जिवाणूंमध्ये सापडलं होतं. या विकराला पुरून उरणारं मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं, आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू नोंदले गेले. दोन वर्षं, ईशा!

म्हणून तुझं काम मला मुळीच दुय्यम वाटत नाही. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं एवढंसं कडं, पण ते शेजारच्या जिवाणूत जातं, कधी तर वेगळ्या जातीच्याही, आणि एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. कोलिस्टिन हे दुसरं काहीच चालत नाही तेव्हाचं औषध. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी त्याच्याविरुद्धचं एमसीआर-१ जनुक प्लास्मिडवर असल्याचं जाहीर केलं: डुकरांत, मांसात, रुग्णांत. मग इतर देशांनी आपले साठवलेले नमुने तपासले, तर तिथेही तेच. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधांविरुद्धच्या प्रतिकारामुळे झाल्याचा अंदाज आहे. प्लास्मिडचा हा प्रवास कशाने अडतो, हे शोधणाऱ्या माणसाने उपयोग विचारावा?

आता त्या फसलेल्या प्रयोगाबद्दल. प्लास्मिड सरकलंच नाही म्हणून तू रडलीस, ते मनाला लागलं. पण मी वाचलंय की काही प्लास्मिड ३७ अंशांना जवळजवळ जागचे हलत नाहीत आणि २५-३० अंशांना भराभर जातात. तेव्हा 'गेलं नाही' एवढंच लिहून पान उलटू नकोस. तापमान, माध्यम, वेळ, सगळं तारखेसकट वहीत उतरव. आणि तुझ्या गाईडपासून ते लपवू नकोस. चांगल्या मार्गदर्शकाला असली पानंच आधी बघायची असतात.

रात्री उशिरा, दमलेली असताना ते जिवाणू हाताळू नकोस. हे मी बाप म्हणून सांगतोय, यावर वाद नको.

तुझा प्रयोग कोणत्या तापमानाला होता, ते कळव.

तुझा,
बाबा