ओजसची शुगर आणि माझी अक्कल

सम्या,

तुझे सहा मिस्ड कॉल बघितले रे, सॉरी, फोन घ्यायच्या अवस्थेतच नव्हतो. मंगळवारी रात्री ताईच्या ओजसला, माझ्या भाच्याला, ॲडमिट केलं होतं, थेट आयसीयूत. आता बरा आहे, काल वरणभात खाल्ला आणि वर सिस्टरकडे लोणचं मागितलं, म्हणजे बघ.

झालं असं की दोन दिवस उलट्या आणि पोटदुखी, रूमजवळच्या एका डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, आणि ह्या शहाण्याने इन्सुलिनच बंद केलं. का, तर "मामा, जेवलोच नाही तर इन्सुलिन कशाला, शुगर लो होईल ना". आठ वर्षं टाईप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा मुलगा! पण खरं सांगू, मलाही ते पटलंच असतं. मी नारायण पेठेत पोचलो तर हा कॉटवर बसून खोल खोल श्वास घेतोय, पर्वती चढून आल्यासारखा, आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास. ग्लुकोमीटरवर आकडाच नाही, नुसतं 'हाय'. मला वाटलं मशीन गंडलंय. अरे, सहाशेच्या वर गेलं की ते असंच दाखवतं! रिक्षावाल्याने लक्ष्मी रोड टाळून बोळाबोळातून काढली, देव भलं करो त्याचं.

कॅज्युअल्टीत शुगर ६१२, मनगटातल्या धमनीतून रक्त काढून एबीजी ही तपासणी केली, त्यात पीएच, म्हणजे रक्ताच्या आंबटपणाचा आकडा, ७.०८, जितका कमी तितकं रक्त आंबट. नॉर्मल ७.३५च्या वर असतो. डॉक्टर म्हणाली, डीकेए, म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिस आहे, इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन्स नावाची आम्लं बनतात आणि रक्त आंबट होतं. उलट्या, पोटदुखी सगळी त्यातूनच, आणि आपण ॲसिडिटी ॲसिडिटी करत बसलो होतो.

आणि मग मी भांडलो. लाज वाटते सांगायला, पण तुला नाही सांगणार तर कोणाला. म्हटलं मॅडम, शुगर सहाशे आहे आणि तुम्ही नुसतं सलाईन देताय, इन्सुलिन कुठंय? तर पहिल्या तासातच लिटरभर नॉर्मल सलाईन, कारण लघवीवाटे सगळं पाणी वाहून गेलेलं असतं, आणि पोटॅशियम आलं ३.१. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं, ते आधीच कमी असताना इन्सुलिन दिलं तर हृदयाचे ठोके बिघडून पोरगा हातचा जाईल, असं तिने सांगितलं तेव्हा मी गप्प. आधी पोटॅशियम चढवलं, मगच इन्सुलिनचा सिरिंज पंप सुरू. वजन ५८ किलो, म्हणून तासाला साधारण ६ युनिट. पंपावर ६.० लाल आकड्यांत दिसायचं, रात्रभर तेच बघत बसलो. दर तासाला बोट टोचून शुगर तपासणी.

पहाटे शुगर अडीचशेच्या खाली आली, मी ताईला मिठी मारली, आणि तेवढ्यात ब्रदरने डेक्स्ट्रोजची बाटली लावली. साखरेची बाटली, डायबेटिक माणसाला! परत भांडायला उठलो. तर म्हणे, शुगर उतरली पण कीटोन्स अजून आहेत, ते जायला इन्सुलिन चालूच पाहिजे, आणि इन्सुलिन चालू ठेवायचं तर शुगर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोज. डोक्यात उजेड पडला एकदम. आपण आकड्याच्या मागे आणि ते ॲसिडच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पीएच ७.३च्या वर गेला, मग पोटावर लाँग ॲक्टिंग, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचं इंजेक्शन आणि त्यानंतर दोन तासांनी पंप बंद. आधी बंद केला तर परत तेच सुरू होतं म्हणे.

बरं, आता तुमच्या काकूंच्या डायबेटिसबद्दल. मी मुद्दाम विचारलं. टाईप टूच्या वयस्कर लोकांत बऱ्याचदा दुसरा प्रकार होतो, दिवसेंदिवस हळूहळू, शुगर सहाशेच्या पुढे, तोंड कोरडं, माणूस नुसता झोपाळलेला, असंबद्ध बोलणारा, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. तसं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, १०८ला फोन कर. आणि त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे का बघ, असेल तर उलट्या, उपास किंवा ऑपरेशनच्या वेळी त्या गोळीचं काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव, त्यात शुगर फारशी न वाढताही कीटोन्स होऊ शकतात.

ओजसला आता कीटोन तपासायच्या पट्ट्या घेऊन दिल्यात. ताईने पाकिटावर मार्करने लिहिलंय, 'उलटी झाली तरी इन्सुलिन बंद नाही, मामाला फोन'. मामाला कशाला, ते मला कळलेलं नाही.

रविवारी ये.

तुझा,
बंड्या