क्रूडचा अंदाज आणि विकलेली गाडी

निपाणी, रविवार

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि तुझी आई म्हणाली, "पोरगं विचारतंय तर नीट सांगा की, नुसतं 'बघू' काय?" म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणतोस, बाबा, तीस वर्षं ट्रकच्या धंद्यात आहात, क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव वर जाणार की खाली तेवढं सांगा, वायदेबाजारात एक लॉट घेतो. अरे, मला कळतं ते डिझेल. भरलेली गाडी तवंदीचा घाट चढताना किती पिते, ते झोपेतही सांगेन. क्रूडचं तसं नाही.

2008 साली तू बालवाडीत होतास. जुलैत क्रूड बॅरलला 147 डॉलरवर टेकलं. आता दोनशे गाठणार, असं मोठमोठ्या बँकांची माणसं सांगत होती. डिझेल परवडणार नाही म्हणून मी घाबरून माझी दहाचाकी मिळेल त्या भावात विकून टाकली. त्याच डिसेंबरात क्रूड चाळिसाच्या खाली! आणि माझं शहाणपण ऐक, तेव्हा पंपावरचा दर सरकार ठरवायचं. जूनमध्ये डिझेल वाढलं होतं ते तीन रुपये. पुढं गाळप सुरू झालं, साखरेची भाडी आली, आणि मी दुसऱ्यांच्या गाड्या लावत बसलो. ती दहाचाकी नंतर कितीतरी वर्षं कोगनोळीच्या नाक्यावर दिसायची. मी तोंड फिरवायचो.

बरं, अंदाज खरा ठरला तरी माझ्यासारख्याला काय? 2020 ला क्रूड कोसळलं, तर मे महिन्यात दिल्लीनं डिझेलवरची एक्साइज एकदम 13 रुपयांनी वाढवली. जून 2024 ला बेंगळुरूच्या आपल्या राज्य सरकारनं विक्रीकर वाढवला, डिझेल तीन रुपयांनी चढलं. त्याचा आखाताशी काय संबंध?

आता तुझा लॉट. एमसीएक्सवर, म्हणजे आपल्याकडच्या वायदेबाजारात, तो शंभर बॅरलचा. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेतला मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेला तेल घ्यायचा करार, बॅरलला उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. तिकडं कुशिंग गावातल्या, जिथं ते तेल उतरवतात, त्या टाक्या भरत आल्या होत्या, तेल उतरवून घ्यायला जागा नव्हती. आपल्याकडं लॉकडाऊनमुळं बाजार संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचा, त्यामुळं रात्री निसटायची सोय नव्हती. तिकडचाच भाव धरून इथला सौदा बॅरलला उणे 2,884 रुपयांनी मिटवला. म्हणजे एखाद्याला तो लॉट फुकट मिळाला असता, तरी वर 2,88,400 रुपये भरायला लागले असते. आपल्याकडं तंबाखूचा भाव पडला तर वखारीला कुलूप लावून थांबता तरी येतं. वायद्याला तारीख असते.

तरी विचारशील, वर की खाली? टीव्हीवर होर्मुझचं, आखातातून तेल बाहेर येतं त्या सामुद्रधुनीचं, नाव निघालं की मला वर वाटतं, ओपेकवाले, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांची संघटना, उत्पादन वाढवणार म्हटले की खाली. यंदा भाड्याच्या करारात मात्र डिझेलचं कलम घालून घेतलंय. पंपाचा दर दोन रुपयांहून जास्त हलला की भाडंही हलणार. व्यापारी आठ दिवस कुरकुरला, मग सही केली.

लॉटसाठी ठेवलेले पैसे अजून हातात असतील तर कळव. मागच्या गाडीला चार टायर घ्यायचेत, भाव काढून ठेवलाय. आणि गणपतीला येणार का, ते आईला आधी सांग, मला नको.

तुझा,
बाबा