जुन्या सर्व्हरचे मागे राहिलेले पत्ते

सांगली, रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्हीही ऑफिसातला एक्सचेंज, म्हणजे मेल सांभाळणारा सर्व्हर काढून मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेताय, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही.

मेलबॉक्स हलवणं तसं सोपं. शुक्रवारी रात्री आम्ही एमएक्स रेकॉर्ड (आपल्या डोमेनची मेल कुठे पोचवायची ते सांगणारी नोंद) बदलला, शनिवारी बाहेरच्या मेल नव्या जागी यायला लागल्या आणि मी निर्धास्त झोपलो. सोमवारी सकाळी अकाउंट्समधल्या बाई आल्या. आमच्याच शेतकी विभागाला पाठवलेली मेल परत येत होती. पत्ता अचूक होता. माझ्या जीमेलवरून त्याच पत्त्यावर मेल गेली. पण बाईंनी जुन्या मेलला रिप्लाय केला, किंवा दोन अक्षरं टाइप करून आउटलुकने सुचवलेलं नाव निवडलं, की ५.१.१ चा, म्हणजे ‘असा पत्ताच नाही’ असा एरर घेऊन मेल परत!

परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारी लांबलचक ओळ होती. तिथेच उत्तर होतं. आपल्याला दिसतो तो ईमेल पत्ता. एक्सचेंज मात्र संस्थेतल्या संस्थेत प्रत्येकाला ‘लेगसी एक्सचेंज डीएन’ या वेगळ्याच पत्त्याने ओळखतो. जुन्या मेलमध्ये आणि आउटलुकच्या आठवणीत तोच साठलेला असतो. आमच्या मेलबॉक्स तिकडे नव्याने तयार झाल्या, त्यामुळे तो पत्ता बदलला. (त्या ओळीतल्या कंसात ‘एफवायडीआय’ने सुरू होणारी विचित्र अक्षरं दिसतील. प्रत्येक अक्षर एक घर मागे घे, ‘एक्सचेंज १२ रॉक्स’ असं निघतं. बनवणाऱ्यांनी हौसेने कोरून ठेवलेलं हे नाव मला फार आवडलं.)

उपाय असा. त्या ओळीतल्या प्रत्येक अंडरस्कोरच्या जागी तिरकी रेघ घे, अधिक २० म्हणजे मोकळी जागा, अधिक २८ आणि २९ म्हणजे कंस. सुरुवातीचा तो शब्द आणि ॲटपासून पुढचं सगळं काढून टाक. जे उरेल ते त्या माणसाच्या नव्या मेलबॉक्सला ‘एक्स ५००’ (त्या अंतर्गत पत्त्याच्याच धाटणीचा) जादा पत्ता म्हणून जोड. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (ऑफिसातल्या युजरांच्या नोंदवहीतून) सिंक करणार असाल तर हे तिथेच, युजरच्या ‘प्रॉक्सी ॲड्रेसेस’ या रकान्यात करावं लागेल. आम्ही पहिले तीन पत्ते हाताने केले. मग जुनी डिरेक्टरी अजून शाबूत आहे हे लक्षात आलं आणि सगळ्यांचे पत्ते एकदम काढले. तू आधीच, जुनं काहीही पुसण्यापूर्वी, ही यादी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) काढून ठेव. एवढं एक माझं ऐकच.

दुसरा घोळ पासवर्डचा. आउटलुक सारखा पासवर्ड मागायचा, पण फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. मोबाइलवर आणि घरच्या लॅपटॉपवर सगळं ठीक. या फरकावरूनच सापडलं. डोमेनला जोडलेला कॉम्प्युटर मेल सर्व्हर कुठे आहे हे आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या ‘एससीपी’ नोंदीला विचारतो. आम्ही जुना सर्व्हर नुसता बंद केला होता, नोंद तशीच राहिली होती. सर्व्हर चालू आहे तोवर त्या नोंदीतला ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला मेल सर्व्हर शोधून देणाऱ्या सोयीचा) अंतर्गत पत्ता रिकामा करून टाक. एका मशीनवर तेवढ्यानेही भागेना. तिथल्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाला कुठला आयपी हे त्या मशीनपुरतं ठरवणारी फाइल) चाचणीच्या वेळी मीच टाकलेली ओळ निघाली.

स्कॅनरची मेल सेटिंग्जही बघ, ती कुणालाच आठवत नाहीत. आणि एसपीएफ रेकॉर्डमधून (आपल्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी) जुन्या सर्व्हरचा आयपी काढच. ती इंटरनेटची लाइन सोडल्यावर तो आयपी ज्याला मिळेल त्याला आपल्या नावाने मेल पाठवायची मुभा राहते.

यादी काढलीस की कळव. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, स्क्रीन शेअर करून एक-दोन पत्ते मिळून जोडून बघू. काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे, तेही लिही.

तुझाच,
जुना सोबती