बागेतल्या दिव्यांबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती,
करंजाळे, पणजी

विषय: बागेतील बारा व्होल्टच्या दिव्यांची दुरुस्ती आणि त्यावरची अनधिकृत जोडणी

महोदय,

याविषयी पावसाळ्यापूर्वी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर नाही. चवथीच्या आधी पुन्हा विचारले तेव्हा "बघून घेतो" एवढेच ऐकायला मिळाले. आता दिवाळी तोंडावर आली तरी पार्किंगकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या काळोखातच आहेत. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

समिती दर वेळी बल्ब बदलते. दोष बल्बात नाहीच. आपले दहा हॅलोजन दिवे प्रत्येकी २० वॅटचे, म्हणजे २०० वॅट. २३० व्होल्टचे बारा करणारा ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३०० वॅट क्षमतेचा. त्यावर साधारण ८० टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा, असे कोणताही जाणकार सांगेल. त्यात बी विंगच्या तळमजल्यावरच्या रहिवाशांनी आपल्या अंगणातले सहा दिवे सोसायटीच्या वायरला जोडले. झाले ३२० वॅट. दिवे लागून तासभर होत नाही तोच ट्रान्सफॉर्मर तापून बंद पडतो, थंड झाला की पुन्हा लागतो. वॉचमन हे रोज पाहतो, त्याला विचारावे.

त्या रहिवाशांचे म्हणणे, "बाराच व्होल्ट तर आहेत, शॉक थोडाच बसणार!" शॉकचा प्रश्नच नाही. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त, आणि सैल जोड असला की तो तापतो. शिवाय २३० व्होल्टमधले दोन व्होल्ट वायरीत गेले तर कळतही नाही, बारातले दोन गेले तर सहावा हिस्सा गेला. आपली वायर अडीच चौरस एमएमची आणि सगळे दिवे त्या एकाच वायरीवर. मी इलेक्ट्रिशियनला स्वखर्चाने बोलावले, त्याने पायऱ्यांजवळच्या शेवटच्या दिव्यावर मीटर लावला, तर साडेनऊ व्होल्ट! त्याने मातीतला एक जोड उकरला. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली; ती सोडताच तांब्याच्या तारेवरून हिरवी भुकटी गळली. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. इथे टेपचे जोड टिकणार कसे?

आपल्या उपविधींनुसार सामाईक वस्तूंत समितीच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही फेरफार करता येत नाही. माझ्या गॅलरीच्या ग्रिलच्या वेळी समितीने हाच नियम मला दाखवला होता आणि मी तो निमूटपणे पाळला. मेंटेनन्सही मी कधी थकवलेला नाही. मग तळमजल्याला वेगळा न्याय का? बी विंगमधल्या बहुतेकांचे मत हेच आहे. शेजारसंबंध बिघडू नयेत म्हणून ते सही करत नाहीत, एवढेच.

खांबावर मोठा पांढरा फ्लडलाइट लावायचा समितीचा विचार कानावर आला. कृपया तसे करू नये. तो उजेड आमच्या बेडरूममध्ये येईल, पायऱ्यांवर मात्र माडाची सावलीच पडेल.

उपाय महागडा नाही. हॅलोजनच्या जागी पाच वॅटचे एलईडी लावले तर दहा दिव्यांचे जेमतेम ५० वॅट होतात. करंट चौथाई होतो आणि वायरीतली घटही त्याच प्रमाणात उतरते. ट्रान्सफॉर्मर मात्र एलईडीला चालणारा घ्यावा. जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर इतका कमी भार आला तर दिवे लुकलुकतात. पायऱ्यांसाठी वेगळी, जाड वायर थेट ट्रान्सफॉर्मरपासून ओढावी. जोड जेल भरलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरचे, दिवे पितळेचे आणि आयपी ६७ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारे, असावेत; ॲल्युमिनियमच्या दिव्यांचा रंग इथे किती लवकर फुगून सुटतो ते आपण पाहिलेच आहे. उजेड पिवळसर, ३००० केल्विनपर्यंतचा ठेवावा. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवीच.

पण त्याआधी ते सहा दिवे आठ दिवसांत काढायला लावावेत. नोटीस बोर्डावर मोघम सूचना नको, त्या रहिवाशांच्या नावे पत्र द्यावे आणि त्याची प्रत मला मिळावी. तसे न झाल्यास गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करण्यावाचून मला गत्यंतर राहणार नाही. तोवर त्या पायऱ्यांवर कोणी पडल्यास जबाबदारी समितीची राहील, याची या पत्राने नोंद करून ठेवत आहे.

आपला,
बी विंग, तिसरा मजला

प्रत: सर्व समिती सदस्य