बांगडा निर्दोष

पुणे, ११ फेब्रुवारी, रात्री उशिरा

प्रिय दत्या,

स. न. वि. वि. माझी शुगर बरी, गुडघे जिथे होते तिथेच, सुलभाची कंबर थंडीत धरते तशी यंदाही धरली. झालं. आता कामाचं.

तुझ्या घरात माझ्याविरुद्ध जो निकाल लागला होता त्यावर मी अपील दाखल करतोय. तुमचा बोका शाहीर माझ्या बांगड्यानं मेला नाही. मला आता खात्री आहे, आणि पुरावाही आहे. तोंड वाकडं करू नकोस, पूर्ण वाच. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. तुझी मिनी माहेरी आलेली असली तर तिच्या कानावर हे असं अर्धवट पडायला नको. का नको, ते पुढे येईल.

तर, मी लिली लावली. हस लेका. तुझ्या दृष्टीनं मी अजून तोच, ज्यानं शाळेच्या बागेत मुळ्याच्या वाफ्यात गाजर गवत जपलं. रिटायर झालेला प्रत्येक माणूस गुलाबाच्या मागे लागतो. आमच्या कोर्टातले दोन जण तर गुलाबाच्या फांद्यांवरून एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून म्हटलं, आपण लिली. आणि ती आपल्या चिपळूणची नव्हे हं. आपण विहिरीजवळच्या लाल मे फ्लॉवरला लिली म्हणायचो, पहिल्या पावसानंतर गुलाबी फुलं यायची त्यांना लिली म्हणायचो, कुंपणाची पांढरी स्पायडर लिली तर नावासकट लिली. ही सगळी दुसऱ्याच कुळातली निघाली, अमरिलिसच्या. खरी लिली म्हणजे लिलियम. मोठमोठ्या पुष्पगुच्छांत असते ती, पांढरी, वासाची.

दिवाळीनंतर नर्सरीतून कंद आणले. दिसायला बिचारे केविलवाणे. कांद्याला वरून कागदी पापुद्रा असतो तसा यांना नसतोच, नुसते मांसल खवले एकावर एक. उघड्यावर सुकले की कामातून गेले, म्हणून ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, घालून देतात. सुलभानं ती पिशवी ओट्यावर बघितली आणि विचारलं, हे सोलायचं कसं? लावायचेही वीतभर खोल. कारण मुळं नुसती कंदाच्या बुडातून फुटत नाहीत, कंदाच्या वर दांड्यालाही फुटतात, त्यांना माती हवी. पाणी साठलं की कंद कुजतो, म्हणून तळाशी विटांचे तुकडे, मग वाळू, शेणखत, थोडी निंबोळी पेंड. मुळं गार हवीत, शेंडा उन्हात हवा. म्हणून कुंड्यांच्या पुढे पालकाचा टब ठेवला. पालकही झाला, पातळभाजी दोनदा.

मकरसंक्रांतीनंतर कळ्या दिसल्या. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथे उभा. सुलभा म्हणाली, आमच्या बाळंतपणात इतक्या वेळा आला नव्हतात. खोटं आहे ते, तू साक्षीदार आहेस, आपण दोघं दवाखान्याच्या जिन्यावर बसून भेळ खात होतो.

आणि मग परवा पहिलं फूल उमललं. दत्या, मी सुपारीएवढ्या गोष्टीला नारळाएवढं करणारा माणूस आहे हे मला मान्य, पण त्या वासानं सगळा व्हरांडा भरला होता. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, मधे सहा केसर, आणि प्रत्येक केसराच्या टोकाला एक आडवी लोंबती तपकिरी पिशवी, जराशा वाऱ्यानं डुलणारी. सकाळी ती बंद असते, गुळगुळीत. उन्हं चढली की फुटते आणि तिच्यावर केशरी पूड उभी राहते. हात लागला की लागला. माझ्या सदऱ्याच्या बाहीला लागली. सुलभानं ओल्या फडक्यानं पुसली आणि तो डाग जो बसला तो बसलाच. नंतर कळलं की पाणी लावायचंच नाही, चिकटपट्टीनं उचलून घ्यायची.

त्या बाहीकडे बघताना मला तुझा झब्बा आठवला.

तुला आठवतोय का? मिनीच्या साखरपुड्याचा, मोतिया रंगाचा, दादरहून शिवून घेतलेला, ज्याच्या शिलाईवरून तू त्या शिंप्याशी आणि मग माझ्याशी भांडलास. त्याच्या खांद्यावर संध्याकाळी केशरी डाग होता. वहिनी विचारत होत्या, साखरपुड्यात हळद कुठून आली? तू म्हणालास, कुणीतरी पुरणपोळीचे हात पुसले. ड्रायक्लीनवाल्यालाही तो गेला नाही, आणि त्याच्याशीही तू भांडलास. आता सांग, तो डाग कशाचा?

पण मी पुढे गेलो. आधी आमच्या मांजरीचं, बिट्टीचं सांगतो. रविवारी सकाळी बिट्टी व्हरांड्यात बसली होती, नाकाला आणि मिश्यांना केशरी रंग. आम्ही हसलो. नातवंडांच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला. दुपारी बघतो तर मिश्या स्वच्छ, चाटूनपुसून. संध्याकाळी तोंडातून लाळ, मग उलटी, मग सोफ्याखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना. मला वाटलं पाल खाल्ली असेल. सुलभाच हटून बसली, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. तिच्या टोपलीत घालून रिक्षानं नेली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, मिनीच्याच वयाच्या. त्यांनी तिला टेबलावर ठेवलं, हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं आणि विचारलं, काका, घरात लिलीची फुलं आहेत का?

मी म्हटलं, आहेत की, मीच लावलीत. अभिमानानं म्हटलं रे.

तर मांजराला लिली म्हणजे विष. साधंसुधं नाही, मूत्रपिंडं निकामी करणारं. पान, पाकळी, दांडा, सगळं. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. कुत्र्यानं खाल्लं तर पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. मांजरालाच असं का होतं आणि त्यातलं नेमकं विष कोणतं, हे शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही. उतारा नाही. एकच उपाय, शिरेतून सलाईन, दोन-तीन दिवस सतत, मूत्रपिंडं धुवत ठेवायची. साधारण १८ तासांच्या आत सुरू केलं तर जनावर वाचायची आशा चांगली, त्यानंतर अवघड. आणि सगळ्यात दुष्ट भाग म्हणजे, पहिल्या उलट्यांनंतर मांजर मधेच जरा बरं दिसतं. माणसं म्हणतात, चला, निवळलं. तेवढ्यात आत काम तमाम होत असतं.

हे सांगताना बाईंचा आवाज सरळ होता, आणि माझ्या डोक्यात तुझ्या डोंबिवलीच्या हॉलचा पंचनामा चालू होता. रविवारी साखरपुडा. सोमवारी दुपारी मी मागच्या दारी शाहिराला बांगड्याचं डोकं दिलं. रात्री उलट्या. मंगळवारी तो बरा दिसला, अगदी वहिनींच्या पायात घोटाळलासुद्धा, आणि तू मला म्हणालास, वाचला म्हणून तू वाचलास. बुधवारी लघवी बंद. गुरुवारी गेला. तिथले डॉक्टर म्हणाले किडन्या गेल्या. तू म्हणालास, शिळा बांगडा. अरे, तोच बांगडा आपण पाच जणांनी खाल्ला होता! तू तर तीन तुकड्या खाल्ल्यास आणि तिरफळं बाजूला काढून माझ्याच ताटात टाकलीस. बांगड्यानं चार दिवसांत मांजराच्या किडन्या जातात का रे? हे तेव्हा मी म्हटलं होतं. पण तू ऐकशील तर तो दत्या कसला. पुढच्या गणपतीला तू आमच्याकडे आला नाहीस, मोदक वहिनींच्या हाती पाठवले, तेही मोजून. वर आजतागायत माझा कॅरमचा स्ट्रायकर तुझ्याकडेच आहे.

तर टीव्हीशेजारच्या बुटक्या टेबलावर एक मोठी फुलदाणी होती. पांढरी मोठी फुलं. वास सगळ्या हॉलभर होता, तुझे मेहुणे म्हणाले होते, अत्तर कुणी सांडलं? त्या टेबलाखाली शाहिराचा अड्डा. हे मला लख्ख आठवतंय, कारण मी तिथे चपला शोधत होतो.

आणि ती फुलं आणली होती मिनीनं.

म्हणून हे पत्र. बांगड्याचं मी पुढच्या जन्मीही भांडू शकतो, ते राहू दे. मिनीनं स्वतःच्या पगारातून पहिल्यांदा घरासाठी काहीतरी आणलं होतं, केवढ्या हौसेनं लावलं होतं. शाहीर तिचा. तिच्या उशीवर झोपायचा, तिच्या बारावीच्या वह्यांवर त्याच्या पंजांचे ठसे होते. तो गेला तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. आज इतक्या वर्षांनी तिला कुणी सांगायचं की बाई गं, तुझ्याच फुलांनी? मला सुरुवातीला वाटलं, कशाला सांगायचं. शाहीर काही परत येत नाही. तू आणि मी, दोघांत राहील. वहिनींनाही नको, त्यांनी त्या फुलदाणीतलं पाणी बदललं असेल, आणि त्या रात्रंदिवस तेच घोकत बसतील.

पण तिच्या घरी आता दोन मांजरं आहेत. तूच फोटो पाठवला होतास, एक काळं आणि एक ते भुऱ्या डोळ्यांचं. आणि मिनीला फुलांचा शौक तुझ्यापेक्षा वहिनींचा आलाय. बंगळूरला तर फुलं दारात मिळतात. कुणी बारशाला, वाढदिवसाला बुके घेऊन आलं आणि त्यात एक लिली असली तर? म्हणजे सांगायला हवं. ‘घरात लिली आणू नकोस, मांजराला विष आहे’ एवढंच सांगून सुटेन असं वाटत असेल तर तू तुझी मुलगी ओळखत नाहीस. औषधाच्या कंपनीत काम करते ती. ‘का काका, काय झालं?’ विचारेल, मी बिट्टीचं सांगेन, ती लक्षणं विचारेल, किती तासांनी उलटी विचारेल, आणि मग गप्प होईल. तिचं ते गप्प होणं मला फोनवर ऐकायचं नाहीये.

नुसतं डे-लिलीचं, म्हणजे लिलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाचं, नाव पुढे करू का, मांजराला तीही तितकीच वाईट. किंवा पेपरात वाचलं म्हणू? मला खोटं बोलता येत नाही हे तुझ्या घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे, मी रमीत हरतो तो त्यामुळेच. सुलभाचं म्हणणं वेगळंच. ती म्हणते, सरळ सांगा, ती चाळिशीकडे आलेली बाई आहे, तिला तुम्ही दोघं अजून रिबिनी बांधता. सुलभाचं बरोबर असतं तेव्हा फार त्रास होतो.

आणि तू. तुझ्या काचबिंदूचं, नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? गॉगल घालून फिरत असशील. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये सह्या झाल्या की अजून तो वरच्या मजल्यावरचा अडून बसलाय? भाडं किती महिन्यांचं आगाऊ देतायत ते कागदावर घे, तोंडी काही खरं नसतं. मिनीचं दुसरं बाळ पालथं पडलं हे सुलभाला व्हॉट्सॲपवर कळलं. मला कुणी सांगत नाही.

लिलीचं म्हणशील तर उमललेली आणि न उमललेली सगळी फुलं कापून, पिशवीत गाठ मारून टाकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो देवाला तरी द्या. त्यांच्या गच्चीवर तीन बोके झोपतात, कसा देऊ? कंद अजून मातीत आहेत. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा फूल यायचं तर आपल्याकडे सहा-आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, हिवाळा भासवायला, तेही सफरचंदांपासून लांब. सुलभानं आधीच जाहीर केलंय की तिच्या फ्रिजमध्ये विष येणार नाही. महाबळेश्वरला आमचा भाचा आहे, त्याच्याकडे थंडीही आहे आणि मांजर नाही, कुत्रा आहे. त्याला देईन. फेकवत नाहीत रे. तिथे मी व्हरांड्यात उभा राहिलो होतो तेवढं तरी त्यांचं देणं लागतो.

बिट्टी अजून दवाखान्यात. पुढच्या पायाला सुई, त्यावर निळी पट्टी, गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं. आम्ही वेळेत नेली असं बाई म्हणतात. आज सकाळचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, १.८ आलं, म्हणाल्या ठीक आहे, उद्याचं बघू. मी गेलो तर माझ्याकडे पाठ करून बसली. सुलभाचा हात मात्र चाटला.

एक काम कर. साखरपुड्याचा अल्बम काढ, माळ्यावर असेल. टीव्हीच्या बाजूचा फोटो शोध. फुलाला सहा पाकळ्या आणि मधे सहा केसर दिसले तर मला कळव, बाकी काही लिहू नकोस. वहिनी विचारतील काय शोधताय, तर सांग की नाऱ्याला माझा झब्बा बघायचाय.

तुझा,
नारायण

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सुलभाचं ऐकलं आणि मिनीला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही असं ती बाई तीन भाषांत म्हणते. नंबर बदललाय का तिचा? नवा असेल तो मेसेज कर, आजच. आणि ती संध्याकाळी पोरांना झोपवते ती वेळही लिही, म्हणजे त्यानंतर लावतो.