फोनऐवजी पत्र

विश्रामबाग, सांगली
रविवार, सकाळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. आजीचं बीपीसुद्धा. परवा रात्री फोनवर आपलं जे झालं ते मी मनात धरलेलं नाही, तूही धरू नकोस. "बाबा, सारखं घसा घसा करू नका" म्हणालीस आणि फोन ठेवलास. बरं, नाही करत. पण फोन केला की तू बोलणार, बोललीस की तो बसलेला आवाज माझ्या कानावर पडणार आणि मग मी विचारणारच. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. तुला नुसतं वाचायचंय. उत्तर टाईप करून पाठव, ते व्हॉइस मेसेज नकोत.

तर घशाचं सोडून बाकीची खबरबात.

घर लागत आलंय. आईची भांड्यांची खोकी अजून गॅलरीत आहेत, कारण कुठल्या खोक्यात काय हे तिनं वहीत लिहिलं आणि ती वही कुठल्यातरी खोक्यात गेली. पुराचं पाणी चढणार नाही म्हणून तिसरा मजला घेतला. आता आई म्हणते, नळाचंही चढत नाही. सोसायटीची मीटिंग आहे त्यावर. आजी सकाळी उठली की अजून "घाटावर जाऊन येते" म्हणते आणि चपला घातल्यावर तिच्या लक्षात येतं. गुरुवारी तिला रिक्षानं गणपतीला नेऊन आणलं. जुन्या घरावरून येताना तिनं मान वळवली नाही, मीच बघत होतो.

गावभागातल्या जुन्या घराच्या दाराजवळच्या पुराच्या रेघा तशाच ठेवून आलो. 2005 ची तुझ्या आजोबांनी, भाऊंनी, काळ्या ऑइलपेंटनं मारलेली, 2019 ची ओंकारनं स्टुलावर चढून. 2021 ची कुणी मारलीच नाही, सगळ्यांना कंटाळा आला होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे तुम्ही पोरं पाढ्यांबरोबर शिकलात. 2019 ला तर 57 च्या वर गेलं. तुझा तंबोरा तेव्हा तुळईला बांधला होता म्हणून राहिला, भाऊंची पेटी खाली राहिली ती गेलीच. भाता कुजला, सुरांना गंज चढला. आई म्हणत होती, आता नव्या घरात ते खोकं कशाला. मी आणलंय. बेडखाली आहे.

ओंकारचं बी.टेक., तुझं बी.कॉम. आणि तुझं गाण्यातलं विशारद पूर्ण, एका उन्हाळ्यात एका घरात तीन निकाल. पेढे वाटता वाटता मार्केट यार्डात माझी दमछाक झाली. हमालांनी दोन-दोन घेतले. शेठ म्हणाले, "दिवाणजी, इंजिनिअरचं कळलं. विशारदला पगार किती?" मी म्हटलं, शेठ, सौद्यात हळद बोलीला लागेपर्यंत तिचा तरी भाव कुठं कळतो? हसले. पण घरी येताना मला वाटलं, आपण हे फार ऐटीत बोललो. ऐट होतीच, लपवत नाही. आपल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली. एकाच्या धुळीत बापाचं आयुष्य चाललंय आणि दुसऱ्याशी लेकीनं संसार मांडलाय, असं मी यार्डात चारचौघांत बोललोसुद्धा. तुला आवडणार नाही, पण बोललो.

आता तंबोऱ्याचं. तो टेम्पोत टाकायला मी तयार नव्हतो. तारा उतरवल्या, गवसणी घातली आणि रिक्षात मांडीवर घेऊन आलो. भोपळा पंढरपूरकडचा असो नाहीतर कुठलाही, एक धक्का बसला तर गेला. तुझ्याकडे पाठवायचाच आहे तर जवारी काढून घ्यावी, म्हणजे घोडी घासून नाद मोकळा करून घ्यावा, म्हणून तसाच मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. तारा नव्या घालायच्या होत्या. त्यांनी विचारलं, "ताई हल्ली कुठल्या पट्टीत गातात?"

मी म्हटलं, काळी पाच. पेटीची पाचवी काळी पट्टी.

म्हटलं खरं, पण लगेच पुढं बोलता येईना. तू गेल्या महिन्यात जे रेकॉर्डिंग पाठवलंस, ते मी ओंकारच्या फोनमधल्या तंबोऱ्याशी लावून बघितलंय. काळी चार आहे ते. पुण्यात गुरुजींनी पट्टी उतरवायला सांगितली असेल, तसं सांगतातही, मला मान्य आहे. मला गाण्यातलं काय कळतं? तुला क्लासला सोडून बाईंच्या ओट्यावर बसून जेवढं कानात गेलं तेवढंच. पण तारसप्तकात जाताना तू आधी खाकरतेस, हे त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. वास्तुशांतीला रिकाम्या हॉलमध्ये गायलीस तेव्हाही खाकरत होतीस. नव्या फरशीमुळं आवाज असा घुमला की खालच्या मजल्यावरचे जिन्यात येऊन उभे राहिले. सगळे वाहवा करत होते आणि मी ते खाकरणं मोजत होतो.

बघ, आलोच मी तिथं. आता आलोय तर सांगूनच टाकतो.

मिरजेला गेलोच होतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझ्यासाठी, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत मला खोकला असतो हे तुला माहीतच आहे. माझं बघून झाल्यावर तुझं विचारलं. नाव सांगितलं नाही, "ओळखीतली एक गाणारी मुलगी" म्हटलं. ते हसले, त्यांना कळलं असणार. म्हणाले, आवाज बसून तीन आठवड्यांच्या वर गेले असतील तर दुर्बिणीतून बघायचंच, त्यात विचार करायचा नाही. दुर्बीण नाकातून घालतात, पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. गाणाऱ्यांना, शिक्षकांना, फेरीवाल्यांना स्वरतंतूंवर छोट्या गाठी येतात. हाताला घट्टे पडतात तशातलाच प्रकार, त्या कसल्या भयंकर गाठी नव्हेत. बहुतेकांच्या विश्रांतीनं आणि आवाजाच्या व्यायामानं जातात, ऑपरेशनवर क्वचित येतं. मात्र तसंच गात राहिलं तर घट्ट होतात. खाकरणं वाईट. कुजबुजण्यानंही घशावर ताण येऊ शकतो, हे मला नवीन होतं. तू परवा फोनवर शेवटी कुजबुजत होतीस.

तुझ्या घशात तसं काही आहे असं मी म्हणत नाही. बघून घे, एवढंच.

ते म्हणाले, स्वरतंतू एका सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर येतात. जेवढा सूर वर तेवढे जास्त. मी दिवाणजी माणूस, घरी येऊन हिशेब मांडला. काळी पाचचा षड्ज, आपला 'सा', म्हणजे सेकंदाला 233. तासाचे 3600 सेकंद. गुणिले केलं तर 8 लाख 38 हजार 800. एका तासाचे! तारषड्जाला, वरच्या 'सा'ला, त्याच्या दुप्पट. आणि तू रोज तीन तास बसतेस असं अभिमानानं सांगतेस. अधे-मधे श्वास घेतेस, पाणी पितेस, ते वजा कर हवं तर. तरी आकडा लहान होत नाही. ओंकारनं कागद बघितला आणि म्हणाला, "बाबा, हे तिला पाठवू नका." म्हणून कागद पाठवला नाही, आकडा लिहिला.

मला का एवढं लागून राहतं, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू भाऊंना पेटीवर बघितलंस, म्हणून तुला ते पेटीवालेच वाटतात. भाऊ गायचे. हौशी कंपनीत, जत्रेतल्या नाटकांना, स्त्री-भूमिकेला सुद्धा. माईक एक, तोही कधी असायचा कधी नाही, आणि वन्स मोअर घेत घेत पहाट व्हायची. आजी सांगते, हरिपूरला एकदा पदाला चार वेळा मागणी आली आणि चारही वेळा गायले. त्यानंतरच्या सीझनला आवाज चरचरायला लागला. तेव्हा डॉक्टरकडे कोण जातंय? ज्येष्ठमधाची कांडी, मिठाच्या गुळण्या, गरम दूध-हळद. हळद तर घरचीच. थोडं बरं वाटलं की पुन्हा उभे. पुढं बोलताना ठीक, पण सूर लावला की तुटायचा. मग पेटीवर बसले. मी लहान होतो, मला वाटायचं यांना पेटीच आवडते. आपल्या घरच्या गणपतीला सगळे आरती म्हणायचे आणि भाऊ फक्त टाळ वाजवायचे, आठवतंय का तुला? तू विचारलं होतंस, "भाऊ, तुम्हाला आरती पाठ नाही?" आजी उठून आत गेली होती.

तू पहिल्यांदा गाण्याची प्रारंभिकची परीक्षा देऊन आलीस, फ्रॉकवर शाई सांडलेली, तेव्हा भाऊंनी तुला समोर बसवून भूप राग म्हणायला लावला. स्वतः पेटी धरली. तू चुकलीस तिथं ते थांबायचे, गाऊन दाखवायचे नाहीत, बोटानं पट्टी दाबून धरायचे. तू रागवायचीस, "म्हणून दाखवा की!" तो काळ्या पट्टीवरचा अंगठा अजून मला दिसतो. पेटी टाकवत नाही ती त्यामुळं.

असो. लिहायला बसलो ते नव्या घराची हकिकत सांगायला.

पुन्हा उपदेश झाला, माफ कर. तू बावीस वर्षांची आहेस, स्वतःच्या जिवावर ऑडिशन देऊन विद्यापीठात, ललित कला केंद्रात, प्रवेश मिळवलास. त्या दिवशी मी आणि आई मुख्य इमारतीसमोरच्या झाडाखाली डबा घेऊन बसलो होतो. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "झालं वाटतं." आईनं डब्यातली पोळी तशीच हातात धरून ठेवली होती. एवढं ज्या मुलीला जमतं तिला डॉक्टरकडे जायला बापानं सांगावं लागू नये, असं तुझं म्हणणं असेल. खरं आहे. पण जात नाहीस ना.

कारणही मला माहीत आहे. गुरुजींना कळलं आणि "महिनाभर गाऊ नको" म्हणाले तर? वर्गातल्या मुली पुढं गेल्या तर? दुर्बिणीत काहीतरी निघालंच तर? मला कळतं ते. हळदीच्या पोत्यात ओल आहे अशी शंका आली की काही शेतकरी पोतं उघडूच देत नाहीत. तरी बोली लागायच्या आधी ते उघडावं लागतंच.

तुमच्या त्या विष्णु दिगंबर पलुसकरबुवांचं तूच मला सांगितलं होतंस. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्यानं डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आला आणि बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला बसला. मग 1901 साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्याच परंपरेची विशारद तू झालीस. डॉक्टरकडे जाता जाता त्यांना गाणं मिळालं. तू गाणं घेऊन बसलीयस आणि डॉक्टरकडे जाईनास. हे मी कालपासून जुळवून ठेवलं होतं, तुला हसू आलं तर बरं वाटेल.

आईला मी यातलं काही बोललेलो नाही. ती पुण्याची हवा म्हणते आणि पाठवायच्या सामानात ओव्याची पुरचुंडी घालते. आजीला तर अजिबात कळू देऊ नकोस, कारण तुला आता माहीत आहे. आत्याचा फोन आला तर तिच्या लग्नातल्या गाण्याला "हो" म्हणू नकोस. म्हणजे तिच्या मुलीच्या लग्नातल्या. तिला मी बघतो. मागचं सगळं काढेल ती, काढू दे.

पुढच्या रविवारी ओंकार येतोय. सोमवारी त्याला चाकणला जॉईन व्हायचंय, पण आधी तुझ्याकडे उतरेल. तंबोरा त्याच्याकडे देतोय. गाडीत शेजारची सीट तंबोऱ्यासाठी वेगळी काढलीय, तिकिटावर माझंच नाव आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं तर काय सांगायचं ते त्याला शिकवलंय. तारा काळी पाचच्याच घातल्यात. पण काळी चारच्या तारांचा एक जोडही गवसणीच्या आतल्या खिशात ठेवलाय, सतारमेकरांनी स्वतःहून दिला, मी मागितला नव्हता. लागला तर लाव. मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

ओंकार मंगळवारी संध्याकाळी सुटल्यावर पुन्हा तुझ्याकडे येईल आणि तुम्ही दोघं मिळून डॉक्टरकडे जाल. मिरजेच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एकांचं नाव दिलंय, ते खास गाणाऱ्यांचेच घसे बघतात. वेळ घेऊन ठेवलीय. माझ्या नावानं घेतलीय, तिथं गेल्यावर बदलून घ्या. आता चीड. पण चिडून बोलू नकोस, टाईप कर.

तोवर रात्री नऊनंतर जेवू नकोस, आणि कॅन्टीनच्या त्या गोंगाटात मैत्रिणींशी ओरडून बोलणं बंद. हे डॉक्टरांचं आहे, माझं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं भडंगाचे चार पुडे दिलेत, लसूण आणि तिखट दोन्ही जास्त घालून, तुला आवडतं तसं. ते वर्गातल्या मुलींना वाट. तुझ्यासाठी बिनतिखटाचा पुडा वेगळा आहे, त्यावर ओंकारनं खोडसाळपणानं "रुग्ण" असं लिहिलंय. आईनं वाचायच्या आत मी त्यावर कागद चिकटवलाय.